पहिलं नको

विमलताई गावंडे यांनी जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. फ्रान्स त्यांनी पाहिला तो पुस्तकांत, आणि कॅनडा पाहिला तो विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या बर्फाच्या फोटोंत. तरी यवतमाळात कुणाला कायमचं कॅनडाला जायचं असलं आणि नुसत्या इंग्रजीवर गुण पुरत नसले, की लोक सांगत, "दारव्हा रोडले जा, गावंडे मॅडमकडे." तिकडे जायचं तर वय, शिक्षण, नोकरी, भाषा अशा सगळ्याचे गुण मोजतात. इंग्रजी काय, सगळ्यांनाच येतं. फ्रेंच येत असेल तर माणसाची रांगच वेगळी होते. म्हणून ही पोरंपोरी टेफ नावाच्या परीक्षेला बसत. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. चारही भागांत सातवी पातळी गाठली की गंगेत घोडं न्हालं.

विमलताई चौसष्ट वर्षांच्या. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आता घरीच फ्रेंच शिकवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. शिकवताना पुस्तकी मराठी बोलत आणि वाढताना वऱ्हाडी. सहा वर्षांत त्यांच्या हाताखालून अकरा जण कॅनडाला गेले होते. अकराही जणांबद्दल त्यांचं मत एकच होतं: गाढवं. रट्टा मारून पास झाली आणि तिथे उतरल्यावर आठ दिवसांत फ्रेंच विसरली. पण ती गेली याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. त्या पोरांना भाषेशी काही देणंघेणं नव्हतं, तेव्हा ती कुठेही गेली तरी विमलताईंचं काही जात नव्हतं.

शिकवण्याची त्यांची स्वतःची एक तऱ्हा होती. बोलण्याच्या परीक्षेचे दोन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात समोर एक जाहिरात ठेवतात, आणि आपण फोन केलाय असं समजून प्रश्न विचारून माहिती काढायची असते. दहा तरी प्रश्न हवेत. आपल्याकडच्या पोरांना तीन प्रश्न झाले की घाम फुटतो, कारण प्रश्न विचारले म्हणून त्यांना कुणी कधी शाबासकी दिलेली नसते. विमलताईंनी यावर भुलाबाईचा उतारा काढला. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवून विचारते, ओळखा खिरापत! मग पोरी गोड का तिखट, ओलं का कोरडं असं विचारत विचारत डब्यातलं ओळखतात. विमलताई तसाच स्टीलचा डबा घेऊन बसत आणि विद्यार्थ्याच्या कानाजवळ खुळखुळवत. विचारायचं मात्र फ्रेंचमध्ये. दहा प्रश्नांत ओळखलं तर डबा तुमचा. हा शोध त्यांचा एकटीचा होता आणि त्याचा त्यांना वाजवीपेक्षा जरा जास्तच अभिमान होता.

इतरांना हा खेळ यायला दोन-दोन महिने लागले. सलोनी राठोडला एक दिवस लागला.

सलोनी बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. बी.फार्म. झालेली, यवतमाळात एका खासगी दवाखान्याच्या मेडिकलमध्ये कामाला. वय एकोणतीस. जानेवारीत तिशी लागणार होती, आणि तिशी लागली की वयाचे गुण दर वर्षी घसरत जातात. नोव्हेंबरच्या परीक्षेत जमलं तर जमलं, नाही तर पुढे अवघडच होतं. वर्षभर मोबाइलवर पाहून ती थोडंफार शिकून आली होती. पहिल्या रविवारी विमलताईंनी डबा वाजवला तेव्हा तिने डोळे मिटून ऐकलं आणि अडखळत विचारलं, "हे पाऊस पडल्यावर पेरतात की पाऊस सरल्यावर?" सहा वर्षांत त्या डब्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चौथ्या प्रश्नाला तिने फुटाणे ओळखले, डबा उघडला आणि एक मूठ आधी विमलताईंच्या हातावर ठेवली.

ही पोरगी गाढव नव्हती. विमलताईंची सगळी पंचाईत इथून सुरू झाली.

फ्रेंचमध्ये घशातून काढायचा एक र असतो. विमलताईंच्या घशातून तो चाळीस वर्षांत धड निघाला नव्हता. त्या म्हणायला गेल्या की गुळण्या केल्याचा आवाज यायचा. सलोनीला तो महिनाभरात जमला.

"कसा काय जमला गं?" विमलताईंनी विचारलं.

"काय माइत मॅडम. तिकडचा रेडिओ लावते ना मी कानात. दिवसभर गोळ्या मोजू मोजू देते आन् ऐकते. पैले नुसता गोंधळ वाटे. आता त्यातले बाया-मानसं वळखू येतात. एक बाई हाय, ते रोज सकाळी हवामान सांगते, तिच्यासारखी मी बोलून पाह्यते."

तिचे डोळे चमकत होते. विमलताईंच्या वेळी नागपूरच्या ग्रंथालयात दोन कॅसेटी होत्या आणि त्या घरी आणायची परवानगी नव्हती. वीस-वीस मिनिटं पाळीने ऐकायला मिळत. त्याच दोन कॅसेटींवर त्या फ्रेंचमध्ये सबंध विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. सलोनी गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि तो र दहादा म्हणून पाहिला. दहाही वेळा गुळण्या. त्या दिवशी त्यांच्या पोटात पहिल्यांदा दुखलं. तो मत्सर होता, दुसरं काही नव्हतं, आणि त्याला एखादं गोंडस नाव देण्याइतक्या त्या भाबड्याही नव्हत्या.

त्यानंतर तो वाढतच गेला. पोरीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. तिची ती कडेला फुलं काढलेली वही, चुकल्यावर खळखळून हसणं, वाक्य जमलं की आपल्याच मांडीवर थाप मारणं. इतर अकरा जण कॅनडाला चालले होते. ही फ्रेंचमध्ये चालली होती. विमलताईंनी मनातल्या मनात जी जागा चाळीस वर्षं स्वतःसाठी धरून ठेवली होती, तिथे ही तांड्यावरची पोर बसकण मारून बसली होती. विमलताईंना कधीकधी वाटायचं, हिला हाताला धरून उठवावं.

मूळ दुखणं जुनं होतं. चौऱ्याऐंशी साली विमल गावंडे चोवीस वर्षांची होती, आणि फ्रान्समधल्या एका कॉलेजात वर्षभर राहून शिकायची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती. पत्र घेऊन ती दारव्ह्याला घरी आली. वडील, मारोतराव गावंडे, शाळेचे हेडमास्तर. साऱ्या तालुक्याला शिक्षणाचं महत्त्व सांगत फिरणारे. ते पेपर वाचत बसले होते. तिने पत्र पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "नाही." पुन्हा पेपर उघडला. विमल म्हणाली, "बरं."

इतकंच झालं होतं. रडारड नाही, भांडण नाही. तिला वाटलं, हे पहिलं ‘नाही’ आहे, उद्या बाबा पुन्हा विचारतील. आपल्याकडे पहिल्या ‘नाही’ला कोण धरतं? पाहुणा जेवायला बसला आणि नको म्हणाला तर आपण ताटात वाढणं थांबवतो का? पण दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी विचारलं नाही आणि महिन्यानेही विचारलं नाही. ती तारीख निघून गेली. पुढे ते एकोणीस वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी तिचा हात धरला, तेव्हा तिला वाटलं आता बोलतील. त्यांनी उशी जरा वर सरकवायला सांगितली.

आता त्या दुसऱ्या तुकड्याची गोष्ट. बोलण्याच्या परीक्षेचा दुसरा तुकडा मोठा, दहा मिनिटांचा. परीक्षक तुमचा मित्र किंवा मैत्रीण होतो, आणि त्याला एखाद्या गोष्टीसाठी तयार करायचं असतं. तो मुद्दाम आढेवेढे घेतो. वेळ नाही म्हणतो, जमणार नाही म्हणतो, पाय दुखतो म्हणतो. तुम्ही प्रत्येक कारणाला उत्तर देऊन त्याचं मन वळवायचं. गुण त्यालाच असतात.

सलोनी इथे पहिल्याच पावलाला बसायची. विमलताई मैत्रीण होऊन म्हणत, "नाही गं, मला वेळ नाही." की सलोनी लगेच मान खाली घालून म्हणायची, "दाकोर." म्हणजे, बरं. ती घरी तेच करत आली होती आणि मेडिकलच्या काउंटरवरही तेच. मोठ्या माणसाने नाही म्हटलं की विषय संपला, आणि समोर तर साक्षात मॅडम बसलेल्या. दहा मिनिटांचा तुकडा तिचा दीड मिनिटात आटोपायचा. बाकी सगळ्यात पहिल्या नंबरची पोर, पण या एका सवयीने ती नक्की पडली असती.

यावरचा उतारा विमलताईंना ठाऊक होता. आधीच्या अकरा गाढवांना त्यांनी तो हसत हसत दिला होता. त्या म्हणायच्या, "अरे, पंगतीत आग्रह करतोस ना? तो नको म्हणाला तर काय करतोस? अर्धीच घे म्हणतोस, तुझ्यासाठीच केली म्हणतोस, जमली नाही का म्हणतोस, बोलता बोलता वाढून मोकळा होतोस. तेच कर. फ्रेंचमध्ये कर." एवढं सांगितलं की वऱ्हाडातलं कुठलंही पोर गडगडा बोलायला लागतं. आग्रह काय आम्हाला शिकवावा लागत नाही.

सलोनीला त्यांनी हे सांगितलं नाही.

पहिल्यांदा विसरल्या असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा पुढच्या रविवारी सांगू म्हणाल्या. तिसऱ्यांदा पोरीने स्वतःच विचारलं.

"मॅडम, दहा मिन्टं बोलाव लागते म्हनतात. माह्यं तं दोन मिन्टात संपून राह्यलं. काही चुकते का?"

विमलताईंनी चष्मा पुसला. "नाही, चुकत नाही. थोडक्यात बोलणं सभ्यपणाचं असतं. त्या लोकांना लांबण आवडत नाही."

"बरं," सलोनी म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. विमलताईंनी तिला लिहिताना पाहिलं. त्यांना लाज वाटली नाही असं नाही. पण लाजेच्या खाली एक गार, बरं वाटणारं काहीतरी होतं. मी एका ‘बरं’वर आयुष्य काढलं, हिनंही काढून पाहावं.

आणि गंमत अशी की त्याच दिवशी, दर रविवारी व्हायचं तसंच, वर्ग संपल्यावर त्यांनी तिला उकडपेंडी खायला बसवलं. ज्वारीच्या पिठाची, वर कांदा आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली. पोरगी सकाळी खोलीवरून उपाशीच यायची.

"घे अजून."

"नको मॅडम, झालं."

"एवढीशीच घे."

"नाही ना वो, पोट भरलं."

"म्हंजे जमली नाही का आज? मीठ कमी पडलं? खरं सांग."

"नाही मॅडम, मस्त झाली."

"मंग घे ना. एकटी बाई मी, कढईभर कोनासाठी केली? आता फेकू का?" आणि बोलता बोलता चमचा ताटलीत उलटा. सलोनी हसायची आणि खायची. सात महिन्यांत एकही रविवार असा गेला नाही की पोरीने नको म्हटलं आणि ताटलीत पडलं नाही. विमलताईंच्या तोंडात विष होतं त्या दिवसांतही हात आपला सढळच राहिला. हाताला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

परीक्षा पुण्याला होती, सोमवारी. शनिवारी दुपारी सलोनी शेवटची उजळणी करायला आली, आणि सोबत तिचे वडील आले. पूनमसिंग राठोड. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा रुमाल. पोरीसोबत पुण्याला जायला निघाले होते. त्यांनी कोथळीभर शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या, त्या दाराशी ठेवून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

विमलताईंनी त्या सकाळी ठरवलं होतं, आज सांगायचं. आठवडाभर झोप धड नव्हती. दहा मिनिटांचं काम, एकदा पंगतीचं नाव काढलं की पोरगी समजून जाईल. सलोनी आत पाणी आणायला गेली तशा त्या सहज म्हणून पूनमसिंगांशी बोलल्या. "राठोडभाऊ, इतक्या दूर पोरीला पाठवता. लगेच हो म्हणालात?"

"कायचं लगेच!" पूनमसिंग म्हणाले. "पैले म्या नाईच म्हनलो. इतक्या दूर पोरगी एकटी, नाई म्हंजे नाई. तिची याडी, तिची माय पन माह्याच बाजूनं. पोरगी म्हने, बरं. झालं. उठली आन् भांडे घासाले गेली. एक शब्द बोल्ली नाई. मंग मॅडम, मलेच घास जाये ना. बाजेवर बसलो की ते ‘बरं’ कानात वाजे. आठव्या दिवशी गाडी पकडली, यवतमाळले आलो, तिच्या मेडिकलवर गेलो. गिऱ्हाईक होते, तरी म्हनलं. म्हनलं, सलोनी, तुह्या बापाचं चुकलं. जाय तू."

ते हसले. दात पानाने लाल झालेले. चौथी शिकलेला माणूस.

विमलताईंच्या अंगाची आग आग झाली. इतके दिवस सलोनीचा मत्सर होता तो काहीच नव्हता. पोरीचा र, पोरीचे डोळे, पोरीचं कॅनडा, घेऊन जा म्हणावं सगळं. पण हा बाप! आठ दिवस घास न गेलेला, एसटीत बसून स्वतःचं ‘नाही’ परत घ्यायला आलेला हा बाप हिला का? हेडमास्तर मारोतराव गावंड्यांच्या पोरीला का नाही? विमलताईंनी एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. आठवा दिवस त्यांच्या आयुष्यात आलाच नव्हता.

सलोनी पाणी घेऊन आली. "मॅडम, शेवटचं काही सांगाचं हाय का?"

"नाही," विमलताई म्हणाल्या. "सगळं येतं तुला. जा."

ती पाया पडली. पूनमसिंगही वाकायला लागले तेव्हा विमलताई पटकन आत निघून गेल्या.

निकालाला पाच आठवडे लागले. विमलताई रोज देवाजवळ बसत आणि काय मागावं हेच त्यांना कळत नसे. सकाळी वाटे, पडू दे पोरगी, एकदा कळू दे तिला. दुपारी स्वतःचीच शिसारी येई आणि त्या म्हणत, नाही, पास होऊ दे. संध्याकाळी पूनमसिंगांचा पांढरा रुमाल आठवला की पुन्हा पडू दे. रविवारी सवयीने दोघींची उकडपेंडी होई आणि एकटीला खावी लागे. तुरीच्या शेंगा त्यांनी सोलल्या नाहीत. तशाच वाळून गेल्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. सलोनी आली होती. हातात पेढ्यांचा डबा, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं.

"मॅडम, चारही भागात झालं! आन् बोलन्यात सगळ्यात जास्त!"

विमलताईंनी विचारलं, "बोलण्यात?"

"हो ना वो. ऐका तं." ती खाली सतरंजीवरच बसली, डबा मांडीवर. "पैला तुकडा आपल्या खिरापतीसारखा, सोप्पा गेला. दुसऱ्यात ते बाई माह्यी मैत्रीण झाली. रविवारी जुन्या सायकली दुरुस्त कराले शिकवतात, तिथं तिले न्यायचं होतं. ते म्हने, नाही, मले वेळ नाही. माह्या तोंडात दाकोर आलंच होतं मॅडम, अर्धं भाईर पडलं. आन् तितक्यात मले तुमी दिसल्या."

"मी?"

"तुमी. चमचा घेऊन. मी नको म्हनते आन् तुमी म्हनता, एवढीशीच घे. तं मी तिले म्हनलं, अर्धाच तास ये. ते म्हने, हात काळे होतात. मी म्हनलं, मी साबन घेऊन येते, मीच धुऊन देते. ते म्हने, मले सायकल येतच नाही. मी म्हनलं, म्हंजे मी बोलावलेलं आवडलं नाही का तुले? खरं सांग! मी तुह्यं नाव देऊन बसली, आता काय खोडू का? मंग थांबलीच नाही मी. दहा मिन्टं कवा झाले समजलं नाही. शेवटी ते बाई हसाले लागली, म्हने, बरं बाई, येते मी."

तिने आपल्या मांडीवर थाप मारली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाईर आल्यावर माह्या लक्षात आलं. तुमी मुद्दाम सांगतलं नव्हतं ना? तोंडानं सांगतलं असतं तं मी पाठ केलं असतं. तुमी सात महिने हातानं शिकवलं. माह्या बापाले सांगतलं मी गाडीतच, तं त्याच्या डोळ्याले पानी आलं. म्हने, असे गुरू आपल्या जातीत, कोनाच्याच जातीत भेटत नाहीत."

विमलताई खुर्चीवर बसल्या. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पोरीने आपण होऊन सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिलं होतं. फक्त अंगात घालायचं होतं. पण ते अंगात जाईना. मत्सर करून जो मोठेपणा मिळवता आला नाही तो हा असा फुकट हातात येत होता, आणि त्यातही त्यांना चीडच आली. पोरगी हिसकावून घेतलेलंही परत कमावते आणि वर आपल्यालाच त्याचं श्रेय देते. हिच्याजवळ आहे तरी किती?

"मुद्दाम सांगितलं नव्हतं, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणतेस तसं नाही. मला माहीत होतं तू तिथे पडणार. आधीच्या सगळ्यांना मी ते सांगितलं. तुला नाही सांगितलं."

सलोनीला समजलं नाही. "काहून?"

"तू पडावंस म्हणून."

सतरंजीवर उन्हाची तिरीप आली होती. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"मी वहीत लिवलं होतं मॅडम," सलोनी म्हणाली. "थोडक्यात बोलनं सभ्यपनाचं असते. लाल पेनानं लिवलं होतं."

"माहीत आहे. मी पाहत होते."

"माह्या बापानं... तुमच्या पाया पडाले वाकला होता तो."

विमलताईंना खूप काही सांगायचं होतं. जळत होते गं, असं म्हणायचं होतं; तुझ्यावर आणि तुझ्या बापावर, असंही म्हणायचं होतं. एका पत्राची गोष्ट सांगायची होती जी चाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. पोरीने एवढं विचारलं असतं की मी पडावं असं का वाटलं, तर त्यांनी सगळं सांगितलं असतं.

सलोनी उठली. ओढणी नीट केली. मग आठवल्यासारखं तिने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्यांच्यासमोर धरला. दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. आत पिवळे पेढे होते, वर पिस्त्याचे काप.

"नको," विमलताई म्हणाल्या.

हे ‘नको’ म्हणजे काही खरं ‘नको’ नव्हतं. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात ते ‘नको’ होतं, पहिलं, वाढणाऱ्याने ऐकायचंच नसतं ते. विमलताईंना पेढा हवा होता. त्यांनी मान खाली घातली होती आणि डबा पुढे येण्याची वाट पाहत होत्या.

"बरं," सलोनी म्हणाली, आणि डब्याला झाकण लावलं.